सुलक्षणाचं शुद्ध मराठी

चारकोपच्या आमच्या सोसायटीत मध्ये मोकळा चौक आहे आणि चारी बाजूंनी बैठी घरं. या रचनेचा फायदा असा की कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना कळतं, आणि तोटाही हाच. मी इथे राहायला आले तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते. कानांना शिस्त होती, किंवा माझी तशी समजूत होती. पहिल्याच सकाळी समोरच्या घरातून खणखणीत आवाज आला, "ओ, आयकलात? त्या दूधवाल्याक सांगा, म्हशीक धुतलेला पाणी आमका नको, दूध असला तर घाल!"

मी दार लावून घेतलं. दाराचा काही उपयोग झाला नाही.

ही सुलक्षणा. कणकवलीकडची. तिचा सासरा परळच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर घरदार इथे आलं. नवरा सहदेव चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, कुकरच्या दांड्या बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता. एक मुलगा, सुशांत, तो हल्ली बंगळुरूला असतो. बाकी या घरात सांगण्यासारखं काही नव्हतं. जे काही होतं ते बोलणं होतं. सुलक्षणा उठल्यापासून बोलायची. भांड्यांशी, कावळ्याशी, रेडिओवरच्या बाईशी आणि सगळ्यात जास्त सहदेवशी. तिची दहा वाक्यं झाली की तो दाढी खाजवत एक वाक्य टाकायचा आणि सगळा चौक हसायचा. "सरकारान पाण्याचो मीटर लावल्यानी तसो हिच्या तोंडाक लावूक होयो," असं तो एकदा म्हणाला, तर तिने तीन दिवस अबोला धरला. खरं तर धरला म्हणायचा एवढंच. अबोला धरलाय हे ती त्याला दर तासाने सांगत होती.

सहदेवचंही तोंड काही कमी नव्हतं, फक्त तो ते राखून वापरायचा. सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसादाच्या नारळाची पावणी, म्हणजे लिलाव, तोच पुकारायचा. "मास्तरीणबाई गप कित्या? पेन्शन बँकेत कुजता काय?" असं भर चौकात म्हणून त्याने एक नारळ माझ्या गळ्यात मारला होता. एवढा महाग नारळ मी जन्मात खाल्लेला नाही. मी चिडले होते आणि घरी येऊन एकटीच हसत बसले होते.

माझं आणि सुलक्षणाचं सूत कधी जमलं ते आठवत नाही. "बाईनू, तुमच्या उपम्यात मीठ नाय आणि बोलण्यात पण नाय," असं ती मला तोंडावर म्हणाली, बहुधा त्या दिवशी. मला एकटीला तोंडावर बोलणारं माणूस मिळालं, आणि म्हातारपणी ती मोठी चैन असते.

आता डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. डॉक्टर नंदकुमार आमच्या अख्ख्या सेक्टरचे फॅमिली डॉक्टर. ताप आला, विंचू चावला, सून घर सोडून गेली, काहीही झालं तरी आधी त्यांच्या दवाखान्यात फोन जायचा. फोन उचलायचा धोंडू कंपाउंडर. तो म्हातारा होऊन गावी गेला आणि त्याच्या जागी टिकणारं माणूस डॉक्टरांना मिळेना. त्यांची स्वतःचीही बायपास झालेली. मग त्यांनी एका कंपनीकडून ती फोनवरची मदतनीस घेतली. म्हणजे बाई नव्हे, यंत्र. कृत्रिम बुद्धिमत्ता. आपण त्रास सांगायचा, ती मराठीत, हिंदीत, गुजरातीत प्रश्न विचारणार आणि ठरवणार: आत्ता या, संध्याकाळी या किंवा उद्या या. फारच गंभीर असेल तर डॉक्टरांच्या खिशातला फोन खणखणणार.

मी नाक मुरडलं होतं हे खरं, पण खोटं बोलणार नाही, ती कामाची होती. दर आठवड्याला ती फोन करून माझं ब्लड प्रेशर विचारायची आणि आकडा हळूहळू चढतोय हे माझ्याआधी तिने डॉक्टरांना कळवलं. गोळी बदलली, माझी डोकेदुखी गेली. चौकात सगळे तिला 'फोनवाली ताई' म्हणायला लागले. सुलक्षणाने तर तिला लग्न झालंय का तेही विचारलं होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी सहदेव चहा पीत बसला होता. कप हातातून पडला. सुलक्षणाने वळून शिवी हासडली, तर त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. काय झालं हे तिला त्याच क्षणी समजलं. तिच्या आजोबांना झालं होतं, चुलत्याला झालं होतं. तिने फोन उचलला आणि दवाखान्याला लावला. इतकी वर्षं सगळ्या संकटांत तेच केलं होतं.

"डॉक्टरांनू, लवकर येवा! ह्येंच्या अंगावरसून वारा गेला!"

अंगावरून वारं जाणं म्हणजे अर्धांगवायू. लकवा. हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. हा शब्द कोकणातला म्हणून वेगळा आहे असंही नाही; माझी वाईची आजी हेच म्हणायची.

पलीकडून शांत, गोड आवाज आला, "नमस्कार. मी डॉक्टरांची मदतनीस बोलते आहे. रुग्णाला ताप आहे का?"

"नाय."

"खोकला किंवा सर्दी?"

"नाय गे, नाय!"

"छातीत दुखतं का? श्वास घ्यायला त्रास होतो का?"

"नाय."

"आणखी काही सांगायचं आहे का?"

"आणखी काय सांगू? वारा गेला म्हणान सांगलंय मां!"

"रुग्णाला थंड वाऱ्यापासून जपा. ऊबदार पांघरूण द्या, कोमट पाणी प्यायला द्या. आपल्याला संध्याकाळची वेळ दिली आहे. काळजी करू नका."

हे संभाषण मी नंतर डॉक्टरांच्या फोनवर ऐकलं, म्हणून शब्दन् शब्द सांगू शकते. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. शेवटच्या वाक्यानंतर सुलक्षणाचा एक लांब सुस्कारा ऐकू येतो. तो सुटकेचा आहे. "ती इतक्या शांतपणान बोलली, बाईनू," ती मला नंतर म्हणाली, "माका वाटला, आता वाऱ्यावर पण साधा औषध निघाला असतला. जग खय गेला, आपणाक काय कळता?"

मी त्या दिवशी बोरिवलीला बहिणीकडे गेले होते. दुपारी परतले तर चौक गप्प होता. आधी मला बरं वाटलं, मग चमत्कारिक वाटलं, मग मी पिशवी तशीच टाकून समोरच्या घरात शिरले. सहदेव दोन गोधड्यांखाली घामाने थबथबला होता. सुलक्षणा उशाशी बसून चमच्याने कोमट पाणी पाजत होती आणि ते त्याच्या ओठांच्या कडेने उशीवर जात होतं.

"हे काय गं?"

"वारा गेला सकाळी. संध्याकाळची वेळ दिल्यानी हा."

हे तिने अगदी विश्वासाने सांगितलं. मग मी ओरडले. रिक्षा, दोन पोरं उचलायला, हॉस्पिटल. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, कधी झालं? सकाळी, ती म्हणाली. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहायचं टाळलं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, नंतर देता येत नाही. ते तास त्या गोधड्यांखाली गेले होते.

सहदेव वाचला. पाय थोडा हलायला लागला, हात नाही. आणि बोलणं गेलं. त्याला सगळं समजतं, असं तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. प्रयत्न करत राहा, कधीतरी एखादा येईल, मग त्याच्या मागून दुसरा. सुलक्षणाने हे देवाचं वचन असल्यासारखं ऐकून घेतलं. त्या एका शब्दाची वाट पाहणं एवढंच तिच्या आयुष्यात उरलं. "काय्येक बोलांदेत," ती म्हणायची, "माका शिवी घालांदेत. पण एकदा बोलांदेत."

डॉक्टर नंदकुमार हॉस्पिटलात आले ते आणखीनच म्हातारे होऊन. कॉरिडॉरमध्ये त्यांनीच मला ते संभाषण ऐकवलं. म्हणाले, "बाई, माझ्या स्क्रीनवर नुसतं लिहून आलं होतं, थंड वाऱ्याचा त्रास, ताप नाही, घाई नाही. हे यंत्र लाखो रुग्णांच्या नोंदींवरून शिकलंय. त्या नोंदी हॉस्पिटलांतल्या. तिथे पॅरालिसिस लिहितात, स्ट्रोक लिहितात, फार तर लकवा. वारं गेलं असं कुणी लिहितच नाही, ते फक्त बोलतात. धोंडू असता तर चप्पल न घालता धावत आला असता." मग चष्मा काढून पुसत बसले. तो पुसून होईना.

घरी आणल्यावर ते पुन्हा आले. दारातच बसले, आत येईनात. "वहिनी, मी कंपनीला कळवलं. त्यांनी सुधारणा केली. आता त्याला 'वारं गेलं' कळतं. कुणी तसं म्हटलं की थेट मला फोन येतो."

सुलक्षणाने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "म्हंजे आमच्या ह्येंच्या जिवार शिकला ता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली.

तिने भांडावं असं मला फार वाटत होतं. डॉक्टरांशी, कंपनीशी, माझ्याशी, कुणाशीही. दूधवाल्याला सोडत नव्हती ती बाई! पण तिने सगळा दोष एका जागी नेऊन ठेवला: स्वतःच्या जिभेवर. यंत्राचं काय चुकलं, ते बिचारं जे ऐकलं ते समजलं. आपल्यालाच धड बोलता आलं नाही. असं तिने ठरवून टाकलं. डॉक्टरांनी समजावलं, सुशांतने फोनवर समजावलं. "तुम्ही सगळे माझ्या बाजूचे, म्हणान असा सांगतास," एवढंच तिचं उत्तर.

आणि एके दिवशी माझ्याकडे आली. पदर खांद्यावरून घेतलेला, पायातल्या चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या, पालक शाळेत येतात तशी. "बाईनू, माका शुद्ध बोलूक शिकवा."

माझा तोल गेला. "अगं, तुझ्या बोलण्यात काय चूक आहे? अख्खा महाराष्ट्र म्हणतो वारं गेलं! मी जन्मभर पोरांच्या निबंधांवर लाल रेघा ओढल्या, तुझ्या तोंडावर ओढणार नाही. ऊठ इथून!"

ती उठली नाही. हळूच म्हणाली, "तुम्ही फोन केलास तर ता समाजता. मी केलंय तर?"

मी तिला चहा पाजला, पण शिकवायला नाहीच म्हटलं.

मी शिकवलं नाही म्हणून ती थांबली नाही. दुपारी सहदेवचा डोळा लागला की ती त्या फोनवाल्या ताईलाच फोन लावायची. आधी मला वाटलं, औषधांचं काही विचारत असेल. एकदा तिच्या ओट्याशी उभी राहून ऐकलं. "माझ्या यजमानांना बोलता येत नाही," ती एकेक अक्षर सुटं करून म्हणत होती. पलीकडून विचारणा व्हायची, हे कधीपासून होतंय? त्यावर ती फोन ठेवायची आणि पुन्हा लावायची. "माझ्या यजमानांच्या उजव्या हातात शक्ती नाही." पुन्हा. "माझ्या यजमानांचे तोंड वाकडे झाले आहे." त्या सकाळी जी वाक्यं बोलायला हवी होती असं तिला वाटत होतं, ती सगळी ती आता घोकत होती. डॉक्टरांना हे फोन दिसत असणार. त्यांनी ते बंद केले नाहीत, आणि तिला कधी त्याबद्दल बोललेही नाहीत.

हळूहळू ते मराठी घरभर पसरलं. कोळीण दारात आली तर सुलक्षणा म्हणाली, "बांगडे कसे दिले आपण?" कोळीण पाटी खाली ठेवून हसत सुटली, "काय गो वयनी, टीव्हीवर बातम्या सांगाला लागलीस का?" पूर्वी सुलक्षणाने तिला पाटीसकट पळवलं असतं. आता ती नुसती गोरीमोरी झाली आणि बांगडे न घेताच आत गेली. भांड्यांशी बोलणं थांबलं. कावळा येऊन ओरडून निघून जायचा. चौक इतका शांत झाला की मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, आणि ज्या आवाजापायी मी पहिल्या दिवशी दार लावलं होतं त्या आवाजासाठी मी दार सताड उघडं टाकून बसायला लागले. मला तिची आठवण यायची. ती समोरच राहत होती, रोज भेटत होती, तरी यायची.

सहदेवशीही ती असंच बोलायची. "अहो, आपण जेवणार का?" तो तिच्याकडे पाहत राहायचा. समोर बसलेली बाई आपलीच आहे ना, असं काहीसं त्या पाहण्यात होतं.

पावसाळा संपता संपता सुशांत रजा काढून आला आणि जाताना एक टॅब देऊन गेला. त्यात बोलण्याचा सराव करून घेणारं ॲप होतं. हॉस्पिटलातल्या बाईंनीच सुचवलेलं. त्या आठवड्यातून एकदाच यायच्या, मधल्या दिवसांत हे चालणार. चित्र दिसतं, आवाज विचारतो, "हे काय आहे?" बरोबर उत्तर आलं की हिरवी खूण आणि टाळ्या. नाही आलं की, "पुन्हा प्रयत्न करा." सुलक्षणाने त्या हिरव्या खुणेवर सगळा जीव लावला. रोज सकाळ-संध्याकाळ ती टॅब मांडीवर घेऊन बसायची. सहदेव तोंड उघडायचा, घशातून नुसता एक आवाज यायचा आणि टॅब आपला सांगायचा, पुन्हा प्रयत्न करा. टाळ्या एकदाही वाजल्या नव्हत्या.

परवाच्या रविवारी मी केळफुलाची भाजी घेऊन गेले. सराव चालला होता. सहदेव उशांना टेकून बसलेला, सुलक्षणा शेजारी, दोघांच्या मध्ये टॅब. चमचा गेला. छत्री गेली. मग शाळेचं दप्तर पाठीला लावलेल्या मुलाचं चित्र आलं. "हे काय आहे?"

सहदेव त्या चित्राकडे बघत राहिला. कपाळाची शीर ताठली. ओठ एकदा आवळले, पुन्हा सुटले.

"झी... ल."

मालवणीत झील म्हणजे मुलगा. मी दारातच थबकले.

"पुन्हा प्रयत्न करा," टॅब म्हणाला.

"अहो, मुलगा म्हणा," सुलक्षणा म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हललीही नव्हती. "मु, ल, गा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याची चालती अर्धी बाजू हसली. या वेळी जास्त स्वच्छ, जवळजवळ पूर्वीच्या आवाजात, "झील."

"पुन्हा प्रयत्न करा."

"असं नाही. नीट बघा ना. मुलगा."

ते अर्धं हसू गेलं. मला ते जाताना दिसलं.

"सुलक्षणा!" मी किंचाळले. भाजीचा डबा हातातून निसटला. "अगं, बोलले ते! दोनदा बोलले! झील म्हणाले!"

तिने माझ्याकडे पाहिलं. "पण हिरवी खूण नाही आली," ती म्हणाली. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, तिला कळलं. इतके महिने ज्या एका शब्दासाठी ती जगली तो येऊन गेला होता, आणि तिने तो चुकीचा म्हणून परत पाठवला होता.

टॅब बाजूला टाकून तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अवो, काय म्हटलात? परत म्हणा. झील म्हणा. आपलो सुशांत, आपलो झील. माझा चुकला ओ, माका कळाक नाय. मी आयकूकच नाय! म्हणा ओ एकदा. गाळी घाला माका, काय्येक म्हणा..." ती रडत होती, बोलत होती, थांबत नव्हती. इतक्या महिन्यांनी मी तिची भाषा ऐकत होते आणि माझ्याच्याने तिथे उभं राहवत नव्हतं.

सहदेवचे ओठ हलले. त्याने अंथरुणावर पडलेल्या टॅबकडे पाहिलं. त्यावर तो दप्तरवाला मुलगा अजून दिसत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारखी हळूच मान हलवली. येत नाही, म्हणून.